आदिवासींचे गोंदण : कोणी कोणाच्या अंगावर लिहिले?



ह्या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण मिळाले तेव्हा मी बँकेच्या कर्जयोजनांची माहिती सांगावी अशी कार्यवाहांची अपेक्षा होती. ती माहिती बँकेत येऊन विचारली तरी मिळते. म्हणून परवानगी घेऊन मी दुसराच विषय निवडला. मी समाजशास्त्राचा प्राध्यापक नाही. कला शाखेचा साधा पदवीधर आहे व गेली वीस वर्षे बँकेच्या खिडकीमागे बसतो. परंतु हा विषय मला त्या खिडकीतूनच मिळाला.

2014 सालच्या अखेरीस मी गडचिरोली जिल्ह्यातील एका शाखेत होतो. त्या वेळी जनधन खात्यांची मोठी धावपळ चालू होती. एका दिवशी माडिया स्त्रियांचा एक गट खाते काढण्यासाठी आला. निरक्षर खातेदाराचा अंगठा घेताना त्याच्या अंगावरील ओळखीची खूणही लिहून घ्यावी लागते. पहिल्या आजींच्या चेहऱ्यावर ठळक गोंदण होते. मी लिहिले, ‘चेहऱ्यावर गोंदण’. दुसऱ्या बाईंचेही तेच लिहिले, तिसरीचेही तेच. संध्याकाळी सारे अर्ज साहेबांच्या टेबलावरून परत आले. साहेब म्हणाले, “अहो, सगळ्यांची एकच खूण, मग ओळख कसली? प्रत्येकीची वेगळी लिहा.”

साहेबांचे नियमाप्रमाणे बरोबरच होते. आठवडी बाजाराच्या दिवशी त्या पुन्हा आल्या. मी एकेकीचा चेहरा निरखू लागलो. कोणाच्या हनुवटीवर व्रण, कोणाच्या कानाजवळ चामखीळ. पहिल्या आजींच्या उजव्या गालावर मला एक तीळ दिसला व मी तो लिहून टाकला. त्यांच्यासोबत आश्रमशाळेत शिकणारी नात होती. मी काय शोधतो आहे, असे आजींनी नातीला माडियात विचारले. नातीने समजावून सांगितल्यावर आजी माझ्याकडे पाहून हसल्या व काहीतरी बोलल्या. नात म्हणाली, “आजी विचारते, सरांच्या अंगावर काहीच नाही का? मग मेल्यावर यांची माणसं यांना ओळखणार कशी?”

ह्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. त्या दिवसापासून गोंदणासंबंधी जे मिळेल ते मी वाचत गेलो. त्यातील काही आपल्यासमोर विचारार्थ ठेवतो.

गोंदण ही फार जुनी गोष्ट आहे. 1991 साली युरोपातील आल्प्स पर्वतात, इटली व ऑस्ट्रियाच्या सीमेवर, बर्फात गाडला गेलेला सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला. त्याच्या कातडीवर 61 गोंदणे मोजण्यात आली आहेत. बहुतेक साध्या रेघा आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा कंबर, गुडघे, घोटे अशा दुखऱ्या सांध्यांजवळ आहेत. त्यामुळे हा दुखण्यावरचा उपाय असावा असे अनेक अभ्यासकांना वाटते. आपल्याकडेही सांधा धरला, वात आला, तर तेथे गोंदवून घेत असत, हे ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल.

आज तरुणांच्या तोंडी असलेला ‘टॅटू’ हा शब्दसुद्धा अशाच लोकांकडून आलेला आहे. प्रशांत महासागरातील बेटांवर ह्या कलेला ‘तताऊ’ म्हणतात. 1769 मध्ये कॅप्टन कुकचे जहाज ताहिती बेटावर थांबले, त्या सफरीतून हा शब्द इंग्रजीत गेला. आपला शब्द मात्र आपलाच आहे. मराठीत गोंदण, हिंदी पट्ट्यात गोदना.

आदिवासींचे गोंदण म्हटले की देशात पुष्कळ जमातींची नावे घेता येतील. मी मुख्यतः बैगांविषयी बोलणार आहे, कारण त्यांच्याइतके अंगभर गोंदण मध्य भारतात क्वचितच आढळते. मध्य प्रदेशातील मंडला, दिंडोरी, बालाघाट आणि छत्तीसगडमधील कबीरधाम ह्या भागांत बैगा राहतात. हा प्रदेश आपल्या गोंदिया जिल्ह्यापासून फार दूर नाही. धरती ही आई आहे, तिच्या छातीवर नांगर कसा चालवायचा, असे ते मानीत. म्हणून जंगलाचा तुकडा तोडून, जाळून, राखेत बी फेकण्याची ‘बेवर’ शेती ते करीत. इंग्रजांच्या वनखात्याने ती बंद करीत आणली आणि 1890 साली ‘बैगा चक’ नावाचा मर्यादित भाग आखून बेवर तेवढ्यापुरती ठेवली. व्हेरियर एल्विन 1932 पासून मंडला भागात राहिले. त्यांचा ‘द बैगा’ हा ग्रंथ 1939 साली प्रसिद्ध झाला. गोंदणाची तपशीलवार नोंद त्यात आहे.

ज्या लोकांना आईच्या अंगावर नांगराची रेघ नको होती, त्यांच्या स्त्रियांनी स्वतःचे अंग मात्र रेघांनी भरून घेतले, ह्याचे मला आश्चर्य वाटे. पण जरा खोलात गेल्यावर त्यातील क्रम ध्यानात आला. पहिले गोंदण कपाळावर होते, मुलगी साधारण आठ-दहा वर्षांची असताना. त्यात भुवयांच्या मध्ये चुलीची खूण असते. पुढे ती मोठी होत जाते तशी पाठ, दंड, हात, मांड्या, पाय गोंदले जातात. छातीवरचे गोंदण बहुधा सर्वांत शेवटी. म्हणजे बाईच्या आयुष्यातील एकेक टप्पा तिच्या अंगावर नोंदला जातो. आमच्या पासबुकात जशी एकाखाली एक नोंद पडते, तसेच. (बँकवाल्याला दुसरी उपमा सुचत नाही, क्षमा असावी.)

हे काम पुरुष करीत नाहीत, आणि ते चालू असताना पुरुषांनी पाहू नये असा संकेत आहे. गोंदणारी बाई बहुधा बादी समाजातील असते, तिला ‘बदनिन’ म्हणतात. ती गावोगाव फिरते, मोबदल्यात धान्य, कपडा, पैसे घेते. रामतिळाच्या, म्हणजे आपल्या कारळ्याच्या, तेलाची काजळी धरून शाई करतात. सुया एकत्र बांधून तिच्यात बुडवायच्या व कातडीत टोचत जायचे. नंतर तेल-हळद लावायची. पाऊसकाळात जखम चिघळते म्हणून हे काम थंडीच्या दिवसांत होते. वेदना पुष्कळ होतात. काही ठिकाणी बायका भोवती बसून गाणी म्हणतात, त्यात मुलीचे रडणे बुडून जाते.

इतके सोसायचे कशासाठी, असे विचारले तर बैगा व गोंड स्त्रिया बहुतेक एकच उत्तर देतात. सोने-चांदी नवरा विकू शकतो, चोर नेऊ शकतो, मेल्यावर मागचे लोक काढून घेतात. गोंदण तेवढे आपल्याबरोबर येते. ज्या समाजाकडे सावकाराने सोने राहू दिले नाही, जंगल सरकारने राहू दिले नाही, त्या समाजातील बाईने हे म्हणावे, ह्याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून मोकळे होता येणार नाही. माझ्या रोजच्या कामात जप्ती, तारण, बोजा हे शब्द येतात. ज्यावर बोजा चढवता येत नाही असा दागिना मी दुसरा पाहिलेला नाही.

आता एका प्रचलित समजुतीकडे वळतो. आपल्या बायका सुंदर दिसल्या तर शत्रू पळवून नेतील, म्हणून त्यांना विद्रूप करण्यासाठी गोंदत, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात राहणाऱ्या अपातानी जमातीविषयी ती हमखास ऐकू येते. अपातानी वृद्ध स्त्रियांच्या कपाळापासून नाकाच्या टोकापर्यंत एक रेघ व हनुवटीवर उभ्या रेघा असतात, नाकपुड्यांत मोठी बोंडे असतात. परंतु अपातानी पुरुषांच्याही हनुवटीवर गोंदण असे. त्यांना कोण पळवून नेणार होते? नागालँडमधील कोन्याक योद्ध्यांच्या चेहऱ्यावर पराक्रमाची खूण म्हणून गोंदण असे आणि ते गोंदण्याचा मान प्रमुखाच्या घराण्यातील स्त्रियांकडे होता. तेथे तर विद्रूप करण्याचा प्रश्नच येत नाही. भीतीची कथा काही ठिकाणी काही अंशी खरी असेल, त्या समाजांतील लोकही ती सांगतात. पण सगळीकडे तीच एक चावी लावली की बाईने स्वतः सांगितलेला अर्थ बाजूला पडतो.

गोंदणाच्या इतिहासातील सर्वांत कटू प्रकरण जंगलातले नाही, कचेरीतले आहे. 1797 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सरकारने कायदा करून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्ह्याची अक्षरे गोंदण्याची शिक्षा सुरू केली. खोटी साक्ष व बनावट दस्तऐवज ह्या गुन्ह्यांनाही ती लावली. आणि ह्या शिक्षेला सरकारी कागदांत नाव काय दिले? ‘गोदना’! बायकांच्या तोंडचा, लग्नाकार्यातला शब्द साहेबाने उचलला आणि तुरुंगात नेला. कैदी डोक्याचे फडके कपाळावर खाली ओढून ती अक्षरे झाकीत. 1849 साली ही शिक्षा रद्द झाली. तोवर अर्धशतक उलटले होते.

पुढे 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. आता कपाळ गोंदण्याची गरज उरली नाही, सबंध जमातीचे नावच पोलिसांच्या नोंदवहीत चढले. उत्तर भारतात घरोघर फिरून बायकांना गोंदणाऱ्या नटिणी ज्या नट समाजातल्या, तो समाजही अनेक ठिकाणी त्या यादीत गेला. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण त्या जमातींच्या वाट्याचा संशय अजून संपलेला नाही, हे आपल्या वस्तीतील भटक्या-विमुक्त बांधवांना विचारावे.

विद्यार्थी मित्रांनी येथे थोडे थांबून विचार करावा असे मला वाटते. तीच सुई, तीच काजळी, तेच कपाळ. बदनिनीच्या हाती सुई असते तेव्हा ती खूण मिरवली जाते, शिपायाच्या हाती जाते तेव्हा झाकावी लागते. आणि खाली पडलेल्या माणसाने ती स्वतःच्या हाती घेतली तर काय होते, ह्याचेही उदाहरण आपल्या देशात आहे.

ते आदिवासींचे नाही, दलितांचे आहे, तरी सांगतो. छत्तीसगडमधील चारपारा गावी 1890 च्या दशकात परसुराम नावाच्या चर्मकार समाजातील गृहस्थापासून रामनामी पंथ सुरू झाला. देवळाचे दार ज्यांना बंद होते त्या लोकांनी देवाचे नावच आपल्या अंगावर गोंदून घेतले. कोणी कपाळावर, कोणी नखशिखांत. देवळातून हाकलता येते, कातडीवरून कसे हाकलणार? त्यांचा मार्ग आपला नव्हे, बाबासाहेबांनी आपल्याला वेगळी वाट दाखवली. परंतु त्या कृतीमागची चीड आपल्याला परकी नाही. तेथील तरुण आता अंगभर गोंदून घेत नाहीत, शिक्षण व नोकरीसाठी बाहेर पडतात.

बिहारमधील मिथिलेत आणखी वेगळे घडले. तेथील भित्तिचित्रांची ख्याती आपण ऐकून असाल. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ही चित्रे कागदावर येऊन विकली जाऊ लागली, तेव्हा ब्राह्मण व कायस्थ स्त्रियांच्या शैली नावाजल्या गेल्या. जितवारपूर गावच्या दुसाध समाजातील चानो देवी व इतर स्त्रियांनी मग आपल्या अंगावरची गोंदणेच कागदावर उतरवली. शेणाच्या पाण्याने कागद सारवायचा व त्यावर रांगांनी माणसे, झाडे, प्राणी काढायचे. ही ‘गोदना’ शैली आज कलाजगतात मान्य आहे. छत्तीसगडच्या सरगुजा जिल्ह्यात जमगला गावच्या स्त्रियांनीही गोंदणाची नक्षी साड्यांवर व कापडावर आणली. अंग गोंदणे कमी झाले, नक्षी जगली, आणि चार पैसे बाईच्या हाती आले.

हे सगळे वाचत असताना मला सारखी माझ्या आजीची आठवण येई. ती 2003 साली गेली. तिच्या मनगटावर तुळशीवृंदावन होते व कोपराखाली तिच्या भावाचे नाव. 1956 नंतर आमच्या घरातले देव गेले, टाक गेले, पण हातावरची तुळस कोठे टाकणार? कोणी टोकले की ती म्हणे, “तवा कोन इचारत व्हतं मले? धरलं अन् गोंदलं.” भावाच्या नावाला मात्र ती कधी काही म्हणाली नाही. ते नाव चुकीचे गोंदलेले आहे, ऱ्हस्व-दीर्घ सोडा, एक अक्षरच गळले आहे, हे मी चौथीत असताना वाचून तिला सांगितले. आमच्या घरात आलेला तो पहिला लेख, आणि जिच्या अंगावर तो होता तिला तो वाचता येत नव्हता. ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे, मले ठावं हाय कोनाचं हाय ते.”

“धरलं अन् गोंदलं” हे तिचे शब्द मी मुद्दाम सांगितले. गोंदणाचे कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालत नाही. आठ वर्षांच्या मुलीला कोणी विचारत नाही. मोठ्या बायका तिचे हातपाय धरतात. आज बैगा मुली वसतिगृहात राहून शिकतात. कपाळावरच्या खुणेवरून बाकीच्या मुली चिडवतात म्हणून अनेकजणी गोंदवून घ्यायला नकार देतात. अपातानी जमातीत तर 1970 च्या दशकात तरुणांच्याच संघटनेने पुढाकार घेऊन ही प्रथा थांबवली, कारण शिक्षण-नोकरीसाठी बाहेर गेल्यावर लोक चेहऱ्याकडे टक लावून पाहत. ह्या मुलामुलींना ‘तुम्ही तुमची संस्कृती बुडवता’ असे शहरातल्या माणसाने सुनावणे मला पटत नाही. आपली पोरे इंग्रजी शाळेत घालायची आणि आदिवासींच्या पोरींनी आपल्या कॅमेऱ्यासाठी अंग गोंदून बसायचे, हा कोणता न्याय? तिला नको असेल तर नको. मात्र ती चिडवण्याला भिऊन नको म्हणत असेल, तर दोष गोंदणाचा नाही, चिडवणाऱ्यांचा आहे. त्यांना कोण सुधारणार?

एकीकडे ही मुलगी कपाळ झाकते, आणि दुसरीकडे आपल्याच शहरात महाविद्यालयीन तरुण हजारो रुपये मोजून दंडावर ‘ट्रायबल टॅटू’ काढून घेतात. ती नक्षी पुष्कळदा प्रशांत महासागरातील बेटांवरच्या नक्षीची दूरची नक्कल असते. काढणाऱ्याला व काढून घेणाऱ्याला ती कोणाची, हे बहुधा ठाऊक नसते. हौसेला माझी हरकत नाही. विद्यार्थ्यांना दोन व्यावहारिक सूचना तेवढ्या करतो. सुई नवी, बंद पाकिटातली आहे हे डोळ्यांनी पाहावे, कारण दूषित सुईतून कावीळ व एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. गोंदल्यानंतर ठरावीक काळ रक्तदानही करता येत नाही. दुसरे असे की सैन्यभरतीची इच्छा असेल तर आधी नियम वाचावेत. शरीरावरील कायम गोंदणाला तेथे कडक मर्यादा आहेत. परंपरेने गोंदण असलेल्या आदिवासी जमातींतील उमेदवारांना मात्र त्यात सवलत दिलेली आहे. हे वाचून मला बरे वाटले. सरकारी कागदात गोंदणाला गुन्हा सोडून दुसरा अर्थ आहे, हे एका ठिकाणी तरी मान्य झाले.

आता माझ्या खिडकीतील गोष्ट पुरी करतो. माझी त्या शाखेतून बदली होण्याच्या थोडे आधी ती आश्रमशाळेतील मुलगी पुन्हा आली. आता ती बारावी झाली होती. चेहरा स्वच्छ, गोंदण नाही. आजी वारल्या होत्या व खात्यातील रकमेसाठी वारस म्हणून तिचे नाव होते. मृत्यूचा दाखला व बाकी कागद तिने व्यवस्थित आणले होते, मराठीत स्वच्छ सही केली. मी जुना अर्ज काढला व सवयीने मोठ्याने वाचत पडताळू लागलो. नाव, गाव, अंगठा, ओळखीची खूण, उजव्या गालावर तीळ.

ती म्हणाली, “सर, आजीला तीळ नव्हता.”

मी अर्जावरचा फोटो तिच्यापुढे केला. तिने गालावरच्या ठिपक्यावर बोट ठेवले. “हा ना? हे गोंदणच आहे. इथं तीन ठिपके होते, दोन फिके झाले म्हातारपणी. माझ्या आईच्या गालावर पण तसेच आहेत.”

रक्कम त्याच दिवशी तिच्या खात्यात जमा झाली, त्यात अडचण आली नाही. अर्जावरची खूण दुरुस्त करण्याची तरतूद आमच्याकडे नव्हती. खाते बंद झाले, अर्ज फाइलमध्ये गेला. तेथे आजींच्या गालावर अजून तीळच आहे.